चोर नसताना वाजलेला केंतोंग

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. तुमची माझी ओळख नाही, आणि अनोळखी माणसाकडे संशयाने बघणं हाच माझा जन्माचा धंदा आहे. रागावू नका. ज्याला पहाऱ्यासाठी टांगलंय त्याने आल्यागेल्याचं कौतुक करत बसून कसं चालेल? आधी बघतो, मग बोलतो. हं, हातात दांडका तर दिसत नाही तुमच्या. या, पडवीत टेका.

मला केंतोंग म्हणतात. जावा बेटावर बान्युमासच्या टेकड्यांमध्ये आमचं गाव आहे. गावात एक लहानशी मशीद आहे, तिला सगळे लांगार म्हणतात. तिच्या पडवीच्या तुळईला मी टांगलेला असतो. फणसाचा ओंडका आतून कोरून पोकळ केला आणि पोटावर एक उभी चीर पाडली, की झाला केंतोंग. चिरेच्या काठावर दांडका बसला की माझा आवाज भातखाचरं ओलांडून पलीकडच्या वाडीत जातो. म्हणजे बघा, मला पोट आहे पण आतडी नाहीत. तरी आज सांगणार आहे ती हकिगत आतड्यांचीच आहे. टेम्पेवाल्या कारसिनीच्या लेकीच्या आतड्यांची.

मी ज्या झाडाचा, ते झाड म्हातारं होऊन फळ धरेनासं झालं तेव्हा त्याला पाडलं. ज्याने मला कोरलं तो सुतार माझ्याहून संशयी. घाव घालायच्या आधी जागोजागी बोटाने टकटक करायचा, कान लावायचा, मान हलवायचा. आत कुठे कीड लपली असेल या भीतीने त्याने माझं लाकूड इतकं तपासलं की मला वाटलं, हा मला कोरणार की खटला भरणार? पण त्याच संशयामुळे मी इतकी वर्षं टिकलो. म्हणून सांगतो, संशय अगदीच वाईट नसतो. तो कुठे थांबवायचा ते कळायला हवं.

माझे ठोके वेगवेगळे. नमाजाची वेळ झाली की संथ, मग हळूहळू दाट होत जाणारे. कुणी गेलं की सुटे सुटे, मध्ये मोठी शांतता ठेवून. आणि संकट आलं की श्वास न घेता, एकावर एक. या शेवटच्या ठोक्याचा गावात एक रिवाज आहे. तो ज्याच्या कानावर पडेल त्याने आपल्या दारचा केंतोंग वाजवून उत्तर द्यायचं आणि हातातलं काम टाकून यायचं. का बोलावलं हे विचारत बसायचं नाही. विचारणं नंतर. या रिवाजाने नदीचा बांध फुटला तेव्हा माणसं वाचली, चोरीला गेलेल्या म्हशी सापडल्या. तेव्हा मला केवढा मान होता! ईदच्या आधी मला तेल चोळायचे, येणारीजाणारी पोरं मला हात लावून कपाळाला लावायची.

आणि एक वर्ष असं आलं, की मी रोज सुटे सुटे वाजलो. जुनी माणसं त्या वर्षाचं नाव अजून दबक्या आवाजात घेतात. टेम्पे म्हणजे विरजण लावून आंबवलेली वडी, एरवी सोयाबीनची; पण खोबऱ्याचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो त्याचाही टेम्पे लावायचे लोक. बोंगक्रेक म्हणत त्याला. चवीला फार छान, पण कधी कधी त्यात विष तयार व्हायचं आणि सकाळी जेवलेलं घर संध्याकाळी उठायचं नाही. पुढे त्यावर बंदी आली. पण तेव्हापासून आमच्या गावात टेम्पेची पुडी उघडणारा माणूस आधी वास घेतो, मग शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, मग खातो.

अशा गावात कारसिनी टेम्पे करायची. नवरा गेलेला, पदरात एक लेक, विनार. कारसिनीचा टेम्पे शुद्ध सोयाबीनचा. दाणे उकडायचे, पाण्यात पायांनी तुडवून सालं काढायची, निथळून, गार करून, विरजण लावून केळीच्या पानात बांधायचे. उबेला ठेवलं की त्याच्यावर पांढरी बुरशी अशी धरते, जणू दाण्यांनी एकमेकांना मिठी मारलीय. त्याचे पातळ काप पिठात बुडवून अर्धवट तळायचे, गरम गरम, हिरव्या मिरचीबरोबर. लांगारातल्या प्रवचनानंतर तोच खाऊ असायचा, आणि ताट रिकामं व्हायला वेळ लागायचा नाही.

प्रवचन म्हटलं, पण आमचे म्बाह सनरावी प्रवचन बोलत नाहीत, गातात. म्बाह म्हणजे आजोबा. साऱ्या गावाचे ते आजोबा. पैगंबरांची गोष्ट असो की आईबापांची सेवा, ते जुन्या जावानी चालीत लावतात, मध्ये थांबतात, एखादी कोपरखळी मारतात, लोक हसले की पुन्हा सूर धरतात. त्यांनी खालचा सूर लावला की मला कुणी हात न लावताही मी आतून घुमतो. देवाने मला पोकळ का ठेवलं ते मला अशा वेळी कळतं. विनार पुढे बसून मांडीवर ताल धरायची. तिचा ताल कधी चुकला नाही.

मग एकदा ती मधूनच उठून गेली.

पुढच्या खेपेला पुन्हा. तिसऱ्या खेपेला ती दाराजवळ बसली, उठायला सोपं जावं म्हणून. मी पडवीत टांगलेला. माझ्यासमोरून ती पोट धरून मागच्या विहिरीजवळच्या संडासाकडे जायची आणि परत येताना भिंतीला हात लावत यायची. गालांची हाडं दिसायला लागली. रोज कितीदा तरी जावं लागायचं, आणि रक्त पडायचं. कारसिनीने ते लपवलं. टेम्पेवालीच्या घरात पोट बिघडलंय हे कळलं तर काय होईल ते तिला ठाऊक होतं.

पण गावात काही लपतं का? आधी संशय कारसिनीला आला. कुणीतरी करणी केली, उंबऱ्याखाली काहीतरी पुरलं असं धरून तिने उंबरा खणून काढला. निघालं काय, एक गंजका खिळा. तो खिळा तिने कितीतरी दिवस जपून ठेवला, ज्याच्या घरातला असेल त्याला दाखवायला. इकडे लोकांना उंबरा खणलेला दिसला आणि त्यांचा संशय सुरू झाला. आमच्या पहाऱ्याचा म्होरक्या कांग दिरून. कांग म्हणजे दादा. वयाने फार मोठा नाही, पण आवाजाने सगळ्यांचा दादा. माझ्याच खाली बसून तो म्हणाला, "आपल्या पोटच्या पोरीला जे खायला घालते त्याने पोरगी वाळत चाललीय. मग आपल्या ताटात काय वाढत असेल?"

कुणीतरी म्हणालं, की चोथा स्वस्त पडतो. कुणीतरी म्हणालं, की परवा तिच्या परसात नारळाची करवंटी दिसली. आता मला सांगा मित्रांनो, आमच्या गावात कुणाच्या परसात करवंटी नसते?

एका सकाळी, बाजाराची वेळ असताना, विनार गल्लीत कोसळली. दिरूनने ते लांबून पाहिलं. तिच्याजवळ न जाता तो माझ्याकडे धावला, दांडका काढला आणि संकटाचा ठोका सुरू केला. मी वाजलो. मी न वाजून करणार काय? पलीकडच्या वाडीने उत्तर दिलं, तिच्या पलीकडच्या वाडीने तिला. माणसं धावत आली. विचारलं काय झालं, तर कुणी म्हणालं बोंगक्रेक. शब्द ऐकला की येणारा माणूस थांबून विचार करत नव्हता. दिरून दमला तर दांडका आपल्या हातात घेत होता. उशिरा आलेला तर आणखी जोराने वाजवायचा, आपण मागे पडलो असं दिसू नये म्हणून. त्या आवाजाने आणखी माणसं आली, आणि त्यांनी आणखी वाजवलं. ज्यांनी सकाळी टेम्पे खाल्ला होता ते पोट धरून बसले. ज्यांनी खाल्ला नव्हता त्यांचंही दुखायला लागलं.

गर्दी कारसिनीच्या स्वयंपाकघरात शिरली. दाण्यांचं पिंप आडवं केलं. पुड्या पायाखाली तुडवल्या. दार बिजागरीतून निघालं, चूल फुटली, बांबूची भिंत एका बाजूने बसली. विष शोधत होते ते. आणि विनारला न्यायला आलेला छोटा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकून पडला होता, कारण गल्लीत तिळभर जागा नव्हती. कारसिनी एकेकाच्या खांद्याला धरून वाट मागत होती. लोक तिलाच विचारत होते, कुठे लपवलंस सांग. पोरगी बाहेर निघाली तेव्हा तिचे ओठ कागदासारखे झाले होते.

दुपारपर्यंत पोट धरून बसलेले सगळे बरे झाले. विष सापडलं नाही. पण चुकलं असं कुणी म्हणालं नाही. म्हणाले, काहीतरी असणारच, उगाच का एवढी माणसं जमली?

विनारला शहराच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिकडून निरोप आला की वाचेल. काही दिवसांनी आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर हापसारी लांगारात आल्या. गावात टेम्पेवरून जे झालं ते त्यांच्या कानावर गेलं होतं. कारसिनी त्यांच्या मागे, पदराने तोंड झाकून. लोक जमले, पण लांब लांब बसले. मीही डॉक्टरबाईंना नीट पाहून घेतलं. शहरातून आलेलं माणूस गोड बोलायला लागलं की मला आधी शंका येते.

त्या गोड बोलल्या नाहीत. सरळ म्हणाल्या, की बोंगक्रेकने माणूस दोन दिवसांत जातो, महिनोन्‌महिने रक्ताने जुलाब होत नाहीत. आणि एकाच ताटातलं खाऊन एकच माणूस आजारी पडत नाही. दवाखान्यात नळीला कॅमेरा लावून विनारचं आतडं आतून पाहिलं होतं. आतल्या अस्तराला जखमा होत्या, सूज होती. अस्तराचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्यात पांढऱ्या पेशींची झुंबड दिसली. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. पहारेकरी चोराशी लढायला येतात, पण इथे चोर दिसत नव्हता.

दिरून म्हणाला, "मग त्यांना बोलावलं कुणी?"

डॉक्टरबाई उठल्या आणि माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या पोटावर तळवा ठेवला. मी सावध झालो. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "याने."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी शब्द न शब्द ऐकलं, कारण ते माझ्याच जातीबद्दल होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना काही खुपलं की त्या एक बारीकसा कण बाहेर सोडतात. त्याला डॉक्टर लोक केमोकाइन म्हणतात. आपण हाकारे म्हणू. हाकारे जवळ दाट असतात, लांब गेलं की विरळ होत जातात, जसा माझा आवाज. रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर त्यांना ऐकणारे कान असतात. हाक लागली की पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरते, फटीतून बाहेर पडते आणि जिकडे हाक मोठी तिकडे सरकत जाते. खरा जंतू घुसला असेल तर हाच रिवाज जीव वाचवतो. पण या आजारात हाक थांबत नाही. आतड्यात रोज राहणारे, घरच्यासारखे जिवाणू असतात, त्यांनाच पाहून कुणीतरी ओरडतं. आलेल्या पेशी आल्या म्हणून स्वतःही हाकारे सोडतात. त्याने आणखी येतात. ज्याला वाचवायला आल्या ते अस्तरच त्यांच्या धक्क्याने फाटतं, आणि फाटलं म्हणून पुन्हा हाक जाते.

कारसिनीने तोंडावरचा पदर काढला.

"म्हणजे माझ्या घरात झालं तसंच?" तिने विचारलं.

"तसंच, ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या.

लोक आपापल्या पायांच्या अंगठ्याकडे बघू लागले. म्बाह सनरावी खाकरले, पण सूर लागला नाही त्यांना. दिरूनने हट्ट सोडला नाही. तो म्हणाला, की मग त्या हाकाऱ्यांची तोंडं बांधा ना सरळ. डॉक्टरबाई म्हणाल्या, की शहाण्या लोकांनी तेही करून पाहिलंय, पण हाकारे पुष्कळ आणि कानही पुष्कळ; एकाचं तोंड बांधलं की दुसरा ओरडतो. विनारसाठी जे औषध ठरलंय ते हातातल्या शिरेतून द्यायचं. ते पहारेकऱ्यांना मारत नाही, आतड्याच्या दाराशी अडवतं. बाकी शरीरात ते फिरते राहतात. ठरलेल्या अंतराने औषध घेत राहायचं, बरं वाटलं तरी.

"आणि दारात पहारेकरी नाही म्हणून खरा चोर आला तर?" दिरून म्हणाला.

"प्रश्न बरोबर आहे, कांग. म्हणून ताप आला की लगेच माझ्याकडे आणायचं. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही."

मित्रांनो, बाई खरं बोलल्या, आणि त्या खरेपणानेच घात केला. लोकांनी आजाराची गोष्ट सोडून दिली आणि धोका हा शब्द तेवढा घरी नेला.

विनार परत आली. औषध लागू पडलं. गालांवर मांस चढलं, पुढच्या रांगेत येऊन मांडीवर ताल धरायला लागली. कारसिनीने भिंत उभी केली, नवं पिंप आणलं. गावात तिचा टेम्पे कुणी घेईना, म्हणून ती पहाटे उठून लांबच्या बाजाराला जायची. तिकडे तिची हकिगत ठाऊक नव्हती. पण घरी आली की दिरूनची बायको कुंपणावरून विचारायची, काय गं, पोरीचे पहारेकरी अजून झोपलेलेच का? एकदा विनारला साधी सर्दी झाली आणि ती लवकर हटेना. कारसिनीच्या डोक्यात किडा शिरला. दवाखान्यातल्या त्या औषधाच्या बाटलीचा तिने वास घेतला होता. वास काहीच नव्हता, आणि ज्याला वास नाही त्याचा तिला टेम्पेवालीच्या नाकाने भरवसा वाटत नव्हता. पोरगी तर धडधाकट दिसतेय. कशाला दार उघडं ठेवायचं?

तिने पोरीला पुढच्या खेपेला नेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी पडवीतून बघत होतो. विनार पुन्हा दाराजवळ बसायला लागली. पुन्हा भिंतीला हात लावत यायला लागली. कारसिनीला कळलं होतं. मग ती डॉक्टरकडे का गेली नाही? मला आधी वाटलं, बाई हट्टी आहे. पण तिची नजर बघितली तेव्हा समजलं. ती पोरीकडे बघायची, आणि लगेच माझ्याकडे. ती मला भीत होती. पोरगी आजारी आहे असं एकदा बाहेर कळलं, की मी वाजेन, आणि मी वाजलो की ते सगळे पुन्हा येतील.

तो दिवस प्रवचनाचा होता, दुपारच्या नमाजानंतरचा. लांगार भरलेलं. म्बाह सनरावी एका तहानलेल्या माणसाची गोष्ट गात होते. विनार उठली, पडवीत आली, माझ्या खाली पोहोचली आणि बसली ती आडवी झाली. फरशीवर रक्ताचा डाग पसरला.

बायका ओरडल्या. कुणीतरी पुन्हा बोंगक्रेक म्हणालं. दिरून उठला होता, दांडका त्याच्या हातात होता, आणि त्याने हात उचललाही. पहिला ठोका बसला. मी वाजलो, आणि लांबून एका केंतोंगने उत्तर द्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात कारसिनी पोरीला ओलांडून माझ्यावर आली. तिने दोन्ही हातांनी मला कवटाळलं, छाती माझ्या चिरेवर दाबली, गाल लाकडाला लावला. दुसरा ठोका तिच्या कोपराला चाटून माझ्यावर पडला आणि नुसता थप्प झाला. तिसरा तर ऐकूही गेला नाही. इतकी वर्षं मला लोकांनी मारलं, तेल लावलं, हात लावून कपाळाला लावला. मिठी कुणी मारली नव्हती. तिचं काळीज माझ्या पोकळीत धडधडत होतं, आणि तेवढाच आवाज मी धरून राहिलो.

"बाजूला हो, कारसिनी," दिरून म्हणाला. "माणसं बोलवायला हवीत."

"कुणाला बोलावतोस ते आधी विचार, कांग," ती म्हणाली. "माझ्या पोरीला माणसं नकोत. वाट हवीय."

दिरूनचा हात वर तसाच राहिला. तिच्या कोपरातून रक्त येत होतं, ते त्याने पाहिलं. आतून लोक उठायला लागले होते. आता एक उठला की सगळे उठणार आणि गल्ली भरणार.

आणि म्बाह सनरावींनी सूर लावला. गोष्ट त्यांनी सोडली नाही. तहानलेला माणूस वाळवंटातून चाललाय, त्याच चालीत, त्याच लयीत त्यांनी पुढचं रचलं. विहीर लांब नाही, पण वाटेत बघ्यांनी बसकण मारलीय. बसा रे बाबांनो, बसा गं बायांनो, जो बसेल त्याच्या वाट्याचं पुण्य तहानलेल्याला मिळेल. ज्याच्याकडे गाडी आहे तो एकटा उठेल, ज्याच्याकडे नाही तो देवाचं नाव घेईल. डोळे मिटून गात होते म्हातारे, आवाज थरथरत होता, पण सूर हलला नाही. उठलेले बसले. गाडीवाला एकटा उठला. बायकांनी जागेवरूनच हात पुढे करून विनारला एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर असं पुढे दिलं. टेम्पो गल्लीत शिरला आणि निघाला. गल्ली रिकामी होती. लांबचा केंतोंग थोडा वेळ वाजला, उत्तर येत नाही असं पाहून गप्प झाला.

टेम्पो वळणाआड गेल्यावरच कारसिनीने मला सोडलं आणि ती टेम्पोच्या मागे धावली. तिच्या मागे दिरून धावला, दांडका हातात तसाच घेऊन. दवाखान्यातल्या लोकांनी म्हणे त्याला दारात अडवलं. दांडकेवाल्या माणसाचा त्यांना संशय आला.

विनार बराच काळ तिकडे राहिली. आधी सूज उतरवायला कडक औषधं दिली, त्यांनी तिचा चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला. मग शिरेतलं औषध पुन्हा सुरू केलं. डॉक्टर हापसारींनी कारसिनीला रागावायचं ठरवलं होतं, पण तिच्या कोपराला टाका घालता घालता राग निघून गेला, असं त्या स्वतःच म्बाहना सांगत होत्या. आजार मुळातून गेलेला नाही, जाईलच असंही नाही. हाका दबून आहेत एवढंच. पण ती पुढच्या रांगेत बसते. ठरलेल्या दिवशी कारसिनी तिला घेऊन जाते, आणि जाताना कुणी कुंपणावरून काही विचारलं तर उभी राहून उत्तर देते.

मला आता फारसं कुणी वाजवत नाही, मित्रांनो. पहारेकऱ्यांच्या खिशात मोबाइल आले. संकटाचा निरोप त्यातून जातो, माझ्याहून लांब, माझ्याहून जलद, आणि तोही कुणी काही न विचारता पुढे पाठवतो. माझ्या चिरेत कोळ्याने जाळं केलंय. तेलही लागलं नाही यंदा. मी रुसलो नाही. नमाजाच्या वेळेला अजून बोलावतात, तेवढ्यात माझं समाधान आहे. पण एक मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या खिशात जो केंतोंग आहे त्याच्यावर हात उचलाल तेव्हा आधी जमिनीवर पडलेल्याजवळ जा. त्याला काय हवंय ते विचारा. आणि तुमच्या पोटात कुणी उगाच हाका मारत असेल तर ते लपवू नका, आणि बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांच्या ताटाकडे वाकड्या नजरेने बघू नका. जेवण त्यांचं चुकलेलं नसतं.

परवा प्रवचनानंतर कारसिनीने पुन्हा ताट मांडलं. गरम काप, हिरव्या मिरच्या. बराच वेळ कुणी हात घालेना. मग दिरून पुढे झाला. एक काप उचलला, नाकाशी नेला, वास घेतला. शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. विनारकडे बघितलं. मी श्वास रोखून होतो, म्हणजे मला श्वास असता तर.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला, आणि दुसरा घेतला.